पंचविसावं नाव

वर्षातून एक दिवस मावशीला खोटं बोलावं लागे, आणि तेही काम ती झाडलोटीइतक्याच नेटानं करी. वाचनाची तपासणी आली की आदल्या संध्याकाळी वीटभट्टीवरच्या झोपड्यांतून फिरायचं आणि दारोदार सांगायचं, ‘उद्या शाळेला सुट्टी आहे गं, पोरांना पाठवू नका.’ एवढंच. चार वर्षं ती हे सांगत आली होती. कसली सुट्टी, असं कुणी कधी विचारलं नाही. शाळेची मावशी सांगते म्हणजे शाळाच सांगते, असा त्या बायांचा समज. शिवाय पोरं घरी राहिली की वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलटायला तेवढेच हात मिळत, म्हणून मुकादमही खूश असे.

हेडमास्तर पाजी माणूस होता, असं मात्र कुणी म्हणू नये. पोरांवर हात न उगारणारा, स्वतःच्या खिशातून खडू आणणारा, जरासा वाकलेला माणूस. त्याची गोची निराळीच होती. गावात ज्यांचं बरं चाललेलं, त्यांची मुलं सकाळी पिवळ्या बसमध्ये चढत आणि बाजारगावच्या फीच्या शाळेत जात. उरली ती तीस. आणि वरून नियम असा, की पटावर पन्नास नावं नसतील तर शाळा बंद. नियम तिथंच थांबता तरी ठीक. पण तपासणीच्या दिवशी हजर असलेल्यांतली निम्मी मुलं घडाघडा वाचू शकली नाहीत, तरीही शाळा बंदच. बंद म्हणजे कुलूप लावायचं आणि मुलांनी सात किलोमीटरवर बाजारगावात जायचं. कशानं जायचं, ते नियमात लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा हेडमास्तरला भट्टीची मुलं पटावर हवी असत आणि तपासणीला नको असत. ती यायची पाऊस सरल्यावर, आईबापांच्या बोचक्यांबरोबर. जायची पाऊस यायच्या आधी. अर्धं वर्ष इथं, अर्धं आपल्या गावी; तिथं शाळा निराळी, बाई निराळ्या. दहा वर्षांचं पोर पुस्तक हातात धरी आणि चित्र बघून पान उलटी. तक्त्यात त्यांचा वेगळा रकाना होता, हंगामी कामगारांची मुलं म्हणून. तपासणीच्या दिवशी त्या रकान्यापुढे एकच ओळ लिहायची: कुटुंबं कामासाठी दुसरीकडे गेली आहेत. खाली सही. गेलेल्या मुलांना कोण वाचायला लावणार?

या सगळ्यात मावशीचं काही अडत नव्हतं. तिची टकळी गावातल्या तिसांत मोडत होती.

टकळी म्हणजे तिची लेक. दहा वर्षांची, चौथीत. तोंड कधी मिटत नसे म्हणून बापानंच हे नाव ठेवलेलं. वाचायला आल्यापासून तर विचारूच नका. साबणाचा कागद, सिमेंटची गोणी, मुकादमाच्या सदऱ्याच्या आतली चिठ्ठी, दिसेल ते मोठ्यानं वाची. मावशीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लहानपणी भाऊ झाला तेव्हा बाप म्हणाला होता, एकच वर्ष घरी राहा, बाळाला सांभाळ. ते वर्ष काही संपलं नाही. म्हणून लेक सिमेंटची गोणी वाचू लागली की मावशी हातातलं काम थांबवून ऐकत बसे, आणि झालं की म्हणे, ‘अजून काय लिहिलंय?’

चूक झाली ती पाऊस सरल्यावर, पटमोजणीच्या वेळी. हेडमास्तर एकटा चार वर्ग एका खोलीत हाकत होता. हंगामी रकान्यात पंचवीस नावं झाली तर दुसरी शिक्षिका मिळणार होती. नावं झाली चोवीस. हेडमास्तर पेन हातात धरून बसलेला, आणि मावशी फळा पुसत होती.

“एकासाठी अडलंय बघा,” तो म्हणाला.

“मग माझी टकळी लिहा की त्यात,” मावशी म्हणाली. “तिचे बाबा चार महिने भट्टीवरच तर असतात.”

त्यात खोटंही नव्हतं. हेडमास्तरनं तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनं बुडत्याला हात दिला. नाव लिहिलं गेलं. महिनाभरात नव्या बाई आल्या, तरुण, आवाजाच्या गोड. त्यांनी टकळीला वाचनाचं असं काही वेड लावलं की विचारता सोय नाही. मावशी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

तपासणीच्या आदल्या दुपारी ती पाण्याची टाकी घासत असताना हेडमास्तर मागे येऊन उभा राहिला. नुसताच चष्मा पुसत राहिला.

“जाते मी संध्याकाळी भट्टीवर,” मावशी म्हणाली. “माहीत आहे मला.”

“ते आहेच. मावशी, उद्या टकळीलाही घरीच ठेवा.”

मावशीच्या हातातला काथ्या तसाच राहिला.

“तिला कशाला? ती तर वाचते.”

“वाचते हो. सगळ्यांत चांगली वाचते. पण ती त्या रकान्यात आहे. पंचवीस कुटुंबं गेली, असं मी लिहिणार. त्यातलं एक मूल समोर बसलेलं दिसलं, तर तो विचारेल, बाकीची चोवीस कुठं आहेत? मग मी काय सांगू?”

“मग तिचं नाव काढा रकान्यातून.”

“तक्ता वर गेला. त्याच्यावरच तर बाई मिळाल्या. आता चोवीस म्हटलं, की बाई जातील, आणि मी खोटा तक्ता भरला म्हणून माझंही जे व्हायचं ते होईल.”

“आणि तिचा दाखला?”

पाचवीपासून बाजारगावची सरकारी शाळा. तिथं वाचनाचा दाखला असल्याशिवाय दारात उभं करत नसत, आणि दाखला मिळे तो या तपासणीतच.

“एकच वर्ष, मावशी,” हेडमास्तर म्हणाला. “चौथीतच बसेल पुन्हा. पुढच्या वर्षी तिचं नाव नीट लिहू. एका वर्षानं काय बिघडतं?”

मावशी टाकी घासत राहिली. जिथं शेवाळ नव्हतं तिथंही घासत राहिली. शाळा बंद झाली तर तिचं काम जाणार होतं, आणि टकळीला कुठलीच चौथी उरणार नव्हती. तिनंच हौसेनं दोर विणून दिला होता. आता भांडायचं तरी कुणाशी?

संध्याकाळी ती भट्टीवर गेली. बाया विटांच्या मातीचा गारा तुडवून हातपाय धूत होत्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, नखांत चिखल, केसांच्या रेषेवर धुळीची किनार. झोपड्यांच्या रांगेत पहिली झोपडी उंचाडीची. तिला सगळे उंचाडीच म्हणत. स्वतःच्या झोपडीत तिला सरळ उभं राहता येत नसे. दिवसभर साच्यापुढे वाकायचं आणि घरी येऊनही वाकायचं.

“उद्या सुट्टी आहे,” मावशी म्हणाली.

“बरं झालं. माझा तसाही खोकतोय.” मग उंचाडीनं आवाज लहान केला. “मावशी, एक विचारू? दोन वर्षं या शाळेत येतोय माझा. त्याला काही येतं का गं? मी विचारते तर हसतो नुसता.”

“येईल हळूहळू,” मावशी म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली. बावीस झोपड्या झाल्या. शेवटच्या दोन तिनं लांबूनच हाक मारून उरकल्या.

घरी नवऱ्यानं खांद्याला तेल लावून घ्यायला पाठ पुढे केली. तो भट्टी रचायचा; दिवसभर विटा झेलून झेलून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“मी चार महिने विटा रचतो आणि आठ महिने छपरं दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “मग छपराच्या रकान्यात का नाही घातलंस पोरीला?”

“छपराचा रकानाच नव्हता.”

“मग झालं.” तो हसला, पण लगेच थांबला. “तिला तू सांग. मला जमायचं नाही.”

सकाळी तिनं सांगितलं. टकळी वेणीला रिबीन लावून तयार होती. बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की साहेब येतील, न घाबरता वाचायचं, शब्द खायचे नाहीत.

“तू आज बाबांबरोबर भट्टीवर जा. विटा उलटायला.”

“आज तर तपासणी आहे.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मी सांगते म्हणून.”

टकळीनं आईकडे बघितलं, मग बापाकडे. बापानं चपला शोधायला सुरुवात केली, ज्या त्याच्या पायातच होत्या. पोरीनं रिबीन सोडून खुंटीवर टाकली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली. ही ओरडली असती, रडली असती, तर मावशीला एवढं लागलं नसतं. घरात असली शांतता तिनं दहा वर्षांत ऐकली नव्हती.

तपासनीस दहाला आला. सडपातळ, सर्दी झालेला. भट्टीची धूळ नाकात गेली की लागोपाठ चार शिंका द्यायचा आणि सगळ्यांची माफी मागायचा. घाईत नव्हता, रागात नव्हता. एकेका मुलाला पुढे बोलवी, पुस्तकाबाहेरचं एक पान हातात देई आणि ऐके. वाचलं तर बरोबरची खूण, अडखळून थांबलं तर फुली. गावातली एक टकळीच तेवढी नव्हती. बाकीची एकोणतीस होती. मावशी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं आत-बाहेर करत होती. वाचता येत नसलं तरी खुणा मोजता येत होत्या.

पानवाल्याची धाकटी घाबरून रडली. फुली. सुताराचा पोरगा, जो रोज वाचतो, नेमका आज तोतरा झाला. फुली. बाई ओठ चावत भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटचं मूल जागेवर जाऊन बसलं तेव्हा मावशीच्या हिशेबानं चौदा खुणा होत्या आणि पंधरा फुल्या.

तपासनीसानं पुन्हा मोजल्या. “थोडक्यात गेलं हो,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “एक जरी असतं ना.”

हेडमास्तर व्हरांड्यात आला. चेहरा पांढराफटक. मावशीच्या हातातला तांब्या त्यानं स्वतःच्या हातात घेतला, जणू ती हातातलं काम टाकून जाणार नाही अशी त्याला भीती होती.

“मावशी, घेऊन या तिला.”

“टकळीला?”

“पळा. तो तक्ता भरायला बसलाय.”

“अहो, पण रकाना—”

“तिसांत पंधरा होतील. निम्मी होतात. पळा आधी.”

खरं तर मावशीनं तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर दाखला आला, आणि मग कसला विचार! पन्नाशीकडे झुकलेली बाई पदर खोचून शेताच्या बांधावरून पोरीसारखी पळाली. टकळी उकिडवी बसून विटा कुशीवर करत होती, भोवती भट्टीची सगळी पोरं. मावशीनं तिचा हात धरून उठवलं. पाणी लांब होतं. तिनं आपल्या पदरालाच तिचे हात पुसले. उंचाडीनं साच्यावरून मान वर करून बघितलं, पण विचारायला वेळच मिळाला नाही.

टकळीनं वाचलं. चिखलाची बोटं पानाला लागू नयेत म्हणून तिनं पान तळव्यांवर धरलं, आणि विहिरीवर गेलेल्या एका म्हाताऱ्याची ती गोष्ट तिनं अशी वाचली की शिंकायला आलेला तपासनीस शिंक दाबून बसला. तिला थांब म्हटलं तेव्हा पान संपलं होतं आणि तिनं खालचं छापखान्याचं नावही वाचून टाकलं होतं. वर्गातली मुलं हसली. बाईंनी डोळे टिपले. मावशी दारात उभी होती. आयुष्यात इतका आनंद तिला झाला नव्हता, आणि तो लपवायचाही तिनं प्रयत्न केला नाही.

“वा!” तपासनीस म्हणाला. “पंधरा. दाखला लिहूनच देतो हिचा.” त्यानं पट ओढला आणि बोट खाली खाली नेलं. बोट थांबलं. “ही हंगामी रकान्यात आहे?”

हेडमास्तर म्हणाला, “हो. म्हणजे, तेवढं एकच कुटुंब राहिलंय मागे.”

“नाही सर,” टकळी म्हणाली. तिची गाडी आता रुळावर आली होती. “सगळे आहेत. आत्ता आम्ही सगळे मिळून विटा उलटत होतो. माझ्या तर दोन रांगा झाल्या.”

तपासनीसानं खिडकीतून बाहेर बघितलं. भट्टीचा धूर सरळ वर चालला होता. त्यानं घड्याळ बघितलं, मग हेडमास्तरकडे बघितलं, आणि आवाज न चढवता म्हणाला, “मग त्यांनाही बोलवा ना. मी थांबतो. मला कुठं जायचंय?”

हेडमास्तर मावशीला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

“मावशी, भट्टीवर कुणी नसेल... तर तसं येऊन सांगा. पोरीला काय कळतंय, ती काहीही बडबडते. सगळ्यांना माहीत आहे.”

मावशी निघाली. या वेळी ती पळाली नाही. बांधावरून चालताना तिनं ते वाक्य जुळवून बघितलं: नाही हो साहेब, कुणी नाही तिथं, पोरगी खोटं बोलली. एवढं म्हटलं की शाळा राहत होती, काम राहत होतं. टकळीचा दाखलासुद्धा राहत होता. फक्त पोरीला एकोणतीस मुलांसमोर, बाईंसमोर खोटी ठरवायचं, तेही तिनं आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाचन केल्यावर पाच मिनिटांत. आणि खरं सांगितलं, तर शाळा जात होती. कुठल्याही बाजूनं गेलं तरी भिंतच. मावशीला वाटलं, इथंच बांधावर बसून राहावं, कुणी शोधायला येईपर्यंत.

“मावशी!” उंचाडी लांबूनच ओरडली. कमरेवर हात ठेवून ती सरळ उभी राहिली होती. “टकळीला का नेलंस गं अशी ओढत? बरं नाही का तिला?”

“बरी आहे.”

“मग? सुट्टी आहे ना आज?”

आजूबाजूच्या बायांनीही हात थांबवले. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. चार वर्षं या बायांनी तिला दारात बसायला पोतं टाकलं होतं, पाणी दिलं होतं, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

“सुट्टी नाही,” मावशी म्हणाली. “मी खोटं सांगितलं. दर वर्षी सांगते. आज परीक्षा आहे, आणि साहेब तुमच्या पोरांना बोलावतोय.”

तिला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. चिखलाचा गोळा अंगावर आला असता तरी ती हलली नसती. पण त्या बायांनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलंच नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवलं. माणसाला रागवायलाही फुरसत लागते.

“आमच्या पोरांना?” उंचाडी म्हणाली. “साहेबानं?”

आणि मग जी धांदल उडाली! साचे तिथंच पडले. गारा कालवायचं पाणी बादल्यांनी उपसलं गेलं आणि पोरांची तोंडं धरून धरून धुतली गेली. एकच कंगवा झोपडीझोपडीतून फिरला. कुणी पोराचा सदरा उलटा करून घातला, कारण आतली बाजू स्वच्छ होती. मुकादम ओरडत आला, “विटा कोण उलटणार?” तेव्हा उंचाडी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “तुम्ही उलटा.” मावशीचा नवरा भट्टीच्या टोकावर वीट हातात घेऊन उभा होता. त्यानं बायकोकडे बघितलं, सगळं समजला, आणि वीट खाली ठेवली.

चोवीस पोरं रांगेनं निघाली. पुढं मावशी, मागं आया. शाळेच्या खिडकीत हेडमास्तर दिसत होता. ती दिसताच तो खिडकीतून मागे सरकला.

तपासनीसानं प्रत्येकाला तेवढ्याच निगुतीनं बोलावलं, पान दिलं, थांबला. आतून आवाज म्हणून येत नव्हता. आया भिंतीच्या सावलीत चिखलाचे हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या, आणि एकेक पोर बाहेर आलं की सगळ्या मिळून विचारत होत्या. मावशी दारात उभी राहून फुल्या मोजत होती. अकरा झाल्या, बारा झाल्या. विसाच्या पुढे तिनं मोजणं सोडलं.

उंचाडीचा पोरगा शेवटून दुसरा बाहेर आला. हसतच आला.

“काय विचारलं?”

“पान दिलं. मी धरलं.”

“वाचलंस?”

“नाही. मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, बाबांचंसुद्धा. त्यांनी लिहून घेतलं.”

“लिहून घेतलं?” उंचाडी उठून उभी राहिली आणि बाकीच्यांकडे वळली. “ऐकलंत का? साहेबानं माझ्या पोराचं पूर्ण नाव लिहून घेतलं.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तपासनीस कागद गोळा करत होता आणि हेडमास्तर त्याच्यासमोर, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा, हात बांधून उभा होता. टकळी आपल्या जागेवर दाखला घेऊन बसली होती. तिनं तो एकदाही मोठ्यानं वाचला नव्हता. खिडकीतून ती भट्टीच्या पोरांकडे बघत होती, आणि मग तिनं आईकडे बघितलं. तिला बेरीज येत होती.

उंचाडीनं मावशीच्या दंडाला ओला हात लावला.

“मावशी, आता उद्यापासून रोज पाठवते याला. खोकला असला तरी पाठवते. कामाचं मी बघते काय ते. बाई शिकवतील ना गं?”

“शिकवतील,” मावशी म्हणाली. “लवकर पाठव.”